हौसा कोणती, धोंडू कोणती

मंडळी, जरा पुढं सरकून बसा. खांबाला टेकलेल्यांनो, तुम्हीसुद्धा. आज मी सांगायला कमी आणि विचारायला जास्त उभा आहे. ऐका, प्रश्न साधा आहे. ज्यानं आपल्याला छळलं, त्याला विसरावं की लक्षात ठेवावं?

बघा, पुढच्या रांगेतून लगेच आलं, "विसरावं!" कीर्तनाला बसलं की माणूस फार मोठ्या मनाचा होतो. घरी गेल्यावर बांधावरच्या लिंबाचा वाद पुन्हा चालू. असो. मीही तेच सांगत आलो. तीस वर्षं सांगितलं — विसरा, सोडून द्या, पाटी पुसा. आणि एकदा एका घरात असं काही बघितलं की तेव्हापासून माझाच गोंधळ झालाय. तो घेऊन गावोगाव फिरतो. आज तुमच्या गावात उतरवतो. निम्मा तरी ठेवून घ्या.

आधी एक विचारतो. पेटीवर आमचे दगडूतात्या आहेत. तात्या, तुमचं नाव दगडू का ठेवलं?

"आधीची दोन गेली म्हणून."

ऐकलंत? आधीची दोन पोरं गेली. मग आईबापांनी विचार केला, चांगलं नाव ठेवलं की कुणाची तरी नजर लागते. दगडाला कोण नेणार? ठेवा दगडू! आणि बघा, तात्या सत्तरीला आले, कुणी नेलं नाही. आता नेलं तरी पेटी कोण वाजवणार, ही माझी काळजी.

तर हे ध्यानात ठेवा. चांगलं नाव म्हणजे धोका, वाईट नाव म्हणजे आडोसा. सगळं आख्यान यावर आहे.

मिरजेच्या पूर्वेला पानमळ्यांचा मुलूख आहे. विड्याच्या पानांचे मळे. आत शिरताना चप्पल बाहेर, देवळात शिरल्यासारखं. त्या मळ्यांतल्या एका वस्तीवर मी सप्ताहाला गेलो होतो. मुक्काम एका पानमळेकऱ्याच्या घरी. दोन भाऊ, आणि त्यांच्या दोन बायका म्हणजे सख्ख्या बहिणी. एकाच मांडवात दोघींची लग्नं लागलेली. सख्ख्या जावा. माहेर त्याच वस्तीवरचं; त्यांना भाऊ नाही, बाप गेलेला, म्हणून त्यांची म्हातारी आई, अनशाबाई, तीही त्यांच्याकडेच. बास, एवढीच माणसं. थोरलीला चार वर्षांची मुलगी, कोमल. धाकटीला आठवा महिना.

आता नावं. थोरलीचं नाव धोंडूबाई. धाकटीचं नाव हौसाबाई. सोपं आहे ना? नाही! इथंच घोळ आहे. थोरली जन्मली तेव्हा तिचं नाव हौसा होतं. पहिली लेक, हौसेनं ठेवलेलं. धाकटी जन्मली तेव्हा तिचं नाव धोंडू. थोरली पाच वर्षांची आणि धाकटी तीन वर्षांची असताना घरात आजारपण आलं. आजारपण गेलं, आणि आईनं दोघींची नावं बदलून टाकली. हौसाची धोंडू केली, धोंडूची हौसा केली.

का? तर आजार आला होता तो नाव विचारत आला होता, असं अनशाबाईचं मत. परत येईल. दारात उभा राहून नाव घेईल. तर त्याला ती पोर सापडू नये.

तात्या, मी बरोबर सांगतोय ना? थोरली आधी हौसा, मग धोंडू?

"बरोबर."

बरं. मी आपला थोरली आणि धाकटी एवढंच म्हणतो, नाहीतर आपण सगळे पहाटेपर्यंत इथंच.

मी गेलो त्याच्या आधी तीन आठवडे अनशाबाईच्या कमरेला नागीण उठली होती. पुळ्यांचा पट्टा, आग आग. लोक काय म्हणतात? नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला. मग गेरू लावला. म्हातारी लाल कंबर घेऊन कण्हत पडलेली आणि नात तिच्या कुशीत. का नको? नागीण म्हाताऱ्या माणसाची. तिचा आणि पोरीचा काय संबंध? असं सगळे म्हणाले. मीसुद्धा म्हणालो असतो.

सप्ताहाचा तिसरा दिवस. सकाळी थोरलीनं पोरीला आंघोळीला बसवलं आणि पोटावर पाण्याचे थेंब दिसले. पुसले, तर पुसेनात. दुपारपर्यंत पाठ भरली. कांजिण्या!

आता तुम्हाला ठाऊक आहे घरात काय होतं ते. देवी आली म्हणायचं. चुलीवर फोडणी बंद. दाराला लिंबाचा डहाळा. पोरीचे केस विंचरायचे नाहीत. पाहुणी आलीय, तिला राग येऊ द्यायचा नाही. थोरलीनं सगळं केलं. पण गावातली नर्सबाई आली, तिनं पोरीकडं बघितलं, मग धाकटीच्या पोटाकडं बघितलं, आणि म्हणाली, "हिला आधी इथनं हलवा. आत्ताच्या आत्ता डॉक्टरीणबाईंकडं न्या."

मीही सोबत गेलो. जीपमध्ये जागा होती आणि धाकटीचा नवरा फार घाबरला होता. डॉक्टरीणबाई सासणे. बारीक चणीची बाई, बोलणं मऊ, पण एकदा विचारलं की उत्तर घेतल्याशिवाय सोडणार नाही. त्यांनी धाकटीला एकच प्रश्न केला.

"तुला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या का?"

"दोघींतल्या एकीला आल्या हुत्या, बाई."

"कुणाला? तुला की बहिणीला?"

धाकटीनं नवऱ्याकडं बघितलं.

"हे बघ, येऊन गेल्या असतील तर काळजी नाही. घरी जा, पोरीला मांडीवर घे हवं तर. नसतील आल्या, तर या दिवसांत तुला धोका आहे आणि पोटातल्या बाळाला जास्त. मग एक इंजेक्शन पुण्याहून मागवावं लागेल, तेही चार दिवसांच्या आत द्यायला हवं. म्हणून विचारते. कुणाला आल्या होत्या?"

मंडळी, एवढासा प्रश्न. दोन जिवांचा प्रश्न. आणि उत्तर कुणालाच ठाऊक नाही!

वस्तीवर परत आलो. चौकशी सुरू. शेजारचे गणूआबा, ऐंशीचे. ते म्हणाले, "मला चांगलं ध्यानात हाय. धोंडूच्या अंगावर पुळ्या हुत्या. मी लिंबाचा पाला आणून दिलता."

कुठली धोंडू, आबा? नाव बदलायच्या आधीची की नंतरची?

आबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "ते काय ध्यानात न्हाई."

मग सुईण तानाक्का. ती म्हणाली, "आबाला काय कळतंय? हौसाला आल्यात्या. मी सवता तिला ताकात भिजवलेल्या फडक्यानं पुसलं."

कुठली हौसा?

"हौसा म्हंजी हौसा!"

घ्या आता. एकाची धोंडू, एकीची हौसा. दोघंही देवाशप्पथ सांगतात. धोंडू म्हणजे कोण, हौसा म्हणजे कोण, हे विचारलं की दोघंही भांडायला उठतात.

मग त्यांनी मला विचारलं. कीर्तनकाराला सगळं येतं असं लोकांना वाटतं, आणि वाईट म्हणजे कीर्तनकारालाही वाटतं. मी म्हणालो, व्रण बघा! कांजिण्यांचा खड्डा राहतो. थोरलीच्या भुवईवर खड्डा होता. मी म्हणालो, हिलाच आल्या होत्या, झालं. थोरली म्हणाली, "बुवा, ह्यो पानाच्या टोपलीचा काठ लागलाय. माझ्या लग्नानंतरचा हाय." झाली माझी शोभा. आणि त्या शोभेवर दोन जीव टांगलेले होते, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

शेवटी आईलाच विचारायचं ठरलं. अनशाबाई. पण तिची आठवण गेली दोन वर्षं विरत चाललेली. जेवली तरी जेवले नाही म्हणायची, जावयाला दीर समजायची. थोरली तिच्याजवळ बसली, दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "आये, आमच्यातल्या कुणाला देवी आल्या हुत्या? नाव सांग."

म्हातारीनं दाराकडं बघितलं. दाराला लिंबाचा डहाळा लावलेला. ती एकदम घाबरली. थोरलीच्या तोंडावर हात ठेवला आणि कुजबुजली, "नाव घेऊ नगंस. ती भाईर उभी हाय. ऐकतीया."

पंचवीस वर्षं झाली होती, मंडळी. बाईला जेवलेलं आठवत नव्हतं. पण लेकींना लपवायचं, हे आठवत होतं.

आणि तिथंच दोघी बहिणींत आग पडली. थोरली उठली आणि धाकटीला म्हणाली, "तुलाच आल्या असणार. तू मराय टेकली हुतीस म्हणून माझं चांगलं नाव काढून तुला दिलं. मला धोंडा केलं. मला आठवतंय, आयनं हौसा म्हणून हाक मारली, मी पळत गेले, तर म्हणाली, तुला न्हाई, तिला. माझ्या नावानं हाक मारली आन् मलाच परत पाठवली."

धाकटी ओसरीवरच थांबलेली, भिंतीला टेकून, पोटावर हात. ती म्हणाली, "आक्का, तुला कळतंय का तू काय बोलतीस? आजार चांगलं नाव शोधत येतो म्हणत्यात. तुला आल्या हुत्या, तुला वाचवायचं हुतं, म्हणून तुला धोंडू केली. आन् हौसा मला केली, म्हंजी परत आला तर मला घेऊन जावा. मी आईचं गळाला लावलेलं गांडूळ."

आणि बाहेर मांडवात कालच मी दोन तास सांगितलं होतं, विसरा म्हणून!

तेव्हा मला कळलं, थोरली धाकटीला कधी नावानं हाक का मारत नाही. तीन दिवसांत मी तिच्या तोंडी ऐकलं होतं ते एवढंच, "ए", "अगं", "तू". बहिणीला हौसा म्हणून तिनं पंचवीस वर्षांत हाक मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा डॉक्टरीणबाई. आम्ही सगळा घोळ सांगितला. आबा, सुईण, नावं, सगळं. बाई ऐकत राहिल्या आणि मग हसल्या. म्हणाल्या, "माणसं विसरली तर विसरू देत. आपण रक्ताला विचारू. त्याला नावं लागत नाहीत."

धाकटीचा नवरा म्हणाला, "रक्ताला कसं ठाव असंल?"

बाई म्हणाल्या, "मळ्याला राखण ठेवता ना? तसंच आहे. चोर पहिल्यांदा येतो तेव्हा राखणदार त्याला ओळखत नाहीत. आरडाओरडा, धावपळ, सगळा मळा तुडवला जातो. तोच ताप, तीच आग. चोराला हाकललं की बहुतेक राखणदार संपतात. पण दोन-चार म्हातारे मळ्यातच राहतात. त्यांनी चोराचं तोंड बघितलेलं असतं. तो वीस वर्षांनी परत आला तरी ते त्याला बांधावरच धरतात, आणि मालकाला पत्ताही लागत नाही. त्यांची खूण रक्तात असते. ती तपासता येते."

"म्हंजी चोर मरतो ना?" थोरलीनं विचारलं. तीही आली होती, कुणी बोलावलं नसताना. पोरीला नवऱ्याकडं ठेवून.

"हा चोर लबाड आहे. पुरता जात नाही. मणक्याजवळच्या शिरांत दडून बसतो. राखणदार जागे आहेत तोवर गप्प. म्हातारपणी ते थकले की बाहेर येतो, पट्ट्यासारखा. तुमच्या घरात कुणाला नागीण झाली होती का एवढ्यात?"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. गेरू लावलेली कंबर आणि कुशीत झोपलेली पोर! घरात चोर बाहेरून आलाच नव्हता, मंडळी. तो अनशाबाईच्या लहानपणापासून तिच्यात बसून होता. जिनं पोरींना लपवायला नावं बदलली, ती स्वतःच त्याला अंगात घेऊन हिंडत होती. बिचारीला काय ठाऊक?

बाईंनी धाकटीचं रक्त घेतलं. तर थोरलीनं बाही वर केली. "माझंबी घ्या."

"तुला गरज नाही गं."

"मला हाय," ती म्हणाली. "मला कळायचं हाय, आयनं कुणाला वाचवलं."

बाईंनी तिच्याकडं बघितलं आणि दुसरी सुई घेतली.

दोन दिवस वाट बघायची होती. इंजेक्शनची मागणी पुण्याला गेली, ते येईल की नाही भरवसा नाही. धाकटीला घरात राहायची बंदी, म्हणून तिची पथारी पानमळ्यातल्या खोपीत. आणि मंडळी, तिला जेवण कोण नेत होतं? थोरली. घरातली दुसरी बाई कोण होती? ती ताट घेऊन जायची, चप्पल बाहेर काढायची, बांधावर ताट ठेवायची आणि वीस पावलं मागं येऊन उभी राहायची. धाकटी ताट घ्यायची. दोघी एक शब्द बोलायच्या नाहीत. पण धाकटीचं जेवण होईपर्यंत थोरली उन्हात अनवाणी उभी असायची. मी बघितलंय. रागावलेली बाई एवढा वेळ उभी का राहते, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही नीट कळलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी नर्सबाई सायकलवरून कागद घेऊन आली. सगळे अंगणात. धाकटी मळ्याच्या बांधावर, लांब. नर्सबाईनं कागद वाचला. पुन्हा वाचला. म्हणाली, "धाकटीच्या रक्तात खूण हाय. तिला येऊन गेल्यात. काळजी न्हाई. आन् बाई म्हणाल्यात, तिचे राखणदार नाळेतनं बाळाकडंबी जात्यात."

धाकटीचा नवरा खालीच बसला. थोरलीचा चेहरा मात्र दगडासारखा झाला. म्हणजे धाकटीलाच! आपलं नाव काढून तिलाच दिलं!

"थांब की," नर्सबाई म्हणाली. "दुसरा कागद हाय. तुझ्याबी रक्तात खूण हाय. दोघींच्याबी."

दोघींच्या! आता बोला. गणूआबा खरं बोलत होते, तानाक्काही खरं बोलत होती. लिंबाच्या पाल्यानं एक पोर पुसली, ताकाच्या फडक्यानं दुसरी. आणि आम्ही शहाणे, दोन खऱ्या साक्षींतली एक खोटी ठरवायला निघालो होतो!

धाकटी बांधावरून चालत आली. पाचव्या दिवशी उंबऱ्याच्या आत. दोघी आईजवळ जाऊन बसल्या. थोरलीनं विचारलं, हळू विचारलं, "आये, दोघींनाबी आल्या हुत्या. मग नावं का बदललीस? कुणाला वाचवायचं हुतं?"

म्हातारीनं कमरेचा गेरू लागलेला हात लुगड्याला पुसला. मग बोलली, आणि तेवढं एकच त्या दिवसांत सरळ बोलली. "एका गोधडीत दोघी हुता. दोघींचं अंग तापलेलं. ती हौसाला न्यायला आली तर तिथं धोंडू घावंल, धोंडूला न्यायला आली तर हौसा घावंल. तिचा घोळ व्हावा म्हणून केलं." आणि मग म्हणाली, "माझाच घोळ झाला गं."

कुणाला निवडलंच नव्हतं, मंडळी. दोघींना धरून बसली होती, आणि हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून नावं बदलली.

मग म्हातारी पुन्हा गेली आपल्या धुक्यात. तिला तहान लागली. तिनं हाक मारली, "हौसा, पाणी दे गं."

थोरली गुडघ्यावर हात ठेवून अर्धी उठली. सवयीनं नाही, पाच वर्षांच्या वयातली ती धाव असावी. आणि अर्ध्यातच थांबली. तिनं धाकटीकडं बघितलं. हाक धाकटीची होती. पंचवीस वर्षं धाकटीचीच होती.

धाकटी उठली नाही. पोटावर हात ठेवून बसून राहिली आणि म्हणाली, "आक्का, तुला हाक मारलीया."

थोरलीनं पाणी दिलं. म्हातारी प्यायली. पेला परत देताना थोरलीच्या गालाला हात लावला, आणि थोरली माजघरात जाऊन रडली. मी अंगणात रडलो. मला कशाचं रडू आलं, तेही धड सांगता येत नाही.

कोमलच्या खपल्या धरल्या, पोर बरी झाली. धाकटीला मुलगी झाली. तिचं नाव ठेवायला त्या घरानं सव्वा वर्ष लावलं. मी समजू शकतो.

आता माझा गोंधळ ऐका. मी सांगत आलो, विसरा. आणि रक्त काय करतं? विसरत नाही! विसरलं असतं तर ती बाई आणि पोटातलं लेकरू कुठल्या घोरात असतं, विचार करा. मग काय, लक्षात ठेवावं? बांधाचा वाद, भावाचं बोलणं, सगळं? तुमचे डोळे चमकले बघा! बुवांनी परवानगी दिली म्हणून!

थांबा. रक्त काय लक्षात ठेवतं, ते बघा. ते चोराचं तोंड लक्षात ठेवतं. ताप नाही ठेवत. एकदा लढाई झाली की अंग थंड होतं, पुळ्या सुकतात, आणि दोन म्हातारे राखणदार गुपचूप बसून राहतात. पंचवीस वर्षं त्या दोघींच्या अंगात ते बसले होते. एक दिवस तरी त्यांनी त्रास दिला? त्या दोघींनी मात्र काय केलं? आजार कुणाला आला हे विसरल्या, आईनं रात्ररात्र कवटाळलं हे विसरल्या, आणि ताप तेवढा जपून ठेवला. पंचवीस वर्षं, रोज, गरम.

आणि आपण, मंडळी? तुम्ही, मी, दगडूतात्या? भांडण कशावरून झालं होतं ते आठवतं का? खरं सांगा. नाही आठवत. समोरचा नक्की काय बोलला होता? तेही नाही. पण अंग तापलेलं आहे ना? हात लावून बघा.

माझं अजून पुरतं सुटलेलं नाही. किती ठेवावं, किती सोडावं, मला आकडा सांगता येणार नाही. एवढंच सांगतो. आज घरी जाल तेव्हा कुणीतरी हाक मारेल. ती तुमचीच असेल, हक्काची असेल. पण घरात दुसरं कुणी असेल, जे त्या हाकेसाठी कधीचं अर्धं उठून थांबलंय. त्याच्याकडं एकदा बघा. आणि जमलं तर, मंडळी, तुम्ही बसून राहा.

तात्या, पेटी धरा. सगळ्यांनी देवाचं नाव घ्या. कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा. तो सगळ्या नावांना उठतो.